वर जायचे तर स्टिक कुठे न्यायची

३ ऑक्टोबर १९९९, रविवार

धायरीहून परतीच्या बसमध्ये लिहिते आहे, म्हणून अक्षर हलले आहे. स्वारगेटला बस बदलून येरवड्याला पोचेपर्यंत डोळे मिटतील असे वाटते, आणि घरी गेले की आईला मदत राहते.

रंगनाथकाकांचे यंत्र आता बघणाऱ्याला ओळखू येऊ लागले आहे. मच्छिंद्रभाऊंच्या रिकाम्या गोठ्यात ते तीन वर्षे उभे राहते आहे. चौकोनी अॅल्युमिनियम नळ्यांचा सांगाडा, एक खुर्ची, तीन चाके आणि डोक्यावर दोन पात्यांचा पंखा. याला जायरोप्लेन म्हणतात. हेलिकॉप्टरसारखे यात इंजिन पंखा फिरवत नाही. यंत्र पुढे जाऊ लागले की वाऱ्याने पंखा आपोआप फिरतो आणि यंत्राला उचलतो. बाबांना हे अजून पटलेले नाही. मला गणिताने पटले आहे, डोळ्यांनी नाही.

पंखा ज्या बाजूला कलवावा तिकडे यंत्र जाते. तो कलवायला चालकाच्या हातात एक स्टिक लागते. ती कोणत्या पद्धतीची असावी हे आज काकांनी माझ्यावर सोपवले.

"तू ठरव. डिग्री तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नुसता डिप्लोमा."

"काका, मी दोन वर्षं कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करतेय. मेकॅनिकल सगळं गेलं डोक्यातून."

"मग तर उत्तमच. तारखा दुरुस्त करणारं माणूस आमच्या ओळखीत दुसरं कोणी नाही."

नाही म्हणता आले नाही. बाबा पिंपरीच्या कंपनीत काकांच्या हाताखाली हेल्पर होते. आमच्या घरातून शाळेत गेलेली पहिली मी. दहावीनंतर काका स्वतः घरी आले आणि म्हणाले, "नागोराव, मुलीला इंजिनिअरिंगला घाला. ड्रॉइंग मी शिकवीन." त्यानंतरचे सगळे रविवार त्यांचेच. त्यांनी काही मागितले असे आठवत नाही. आज पहिल्यांदा मागितले.

१० ऑक्टोबर, रविवार

पद्धती दोन आहेत. जुन्या पद्धतीत स्टिक पंख्याच्या मुळालाच जोडलेली असते आणि चालकाच्या तोंडासमोर वरून लोंबते. मध्ये रॉड नाही, सांधा नाही, त्यामुळे ढिले व्हायला काही नाही. वजनही कमी. पण ती उलटी चालते. तिचे खालचे टोक पुढे ढकलले की वरचा पंखा मागे कलतो आणि यंत्र वर जाते. म्हणजे वर जायचे तर पुढे ढकला, खाली यायचे तर ओढा.

दुसरी, दोन गुडघ्यांच्या मधली. हात मांडीवर टेकतो. ओढली की वर, ढकलली की खाली. हिला लांब रॉड लागतात, प्रत्येक सांध्याला बेअरिंग, आणि प्रत्येक बेअरिंग म्हणजे मला एक नवी काळजी.

काका वरच्या स्टिकवर शिकलेले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्यांनी बिनइंजिनाचा सांगाडा केला होता. जीपला दोर बांधून मच्छिंद्रभाऊंच्या ह्याच माळावर ओढायचे, आणि काका पुरुषभर उंचीवर तरंगायचे. मच्छिंद्रभाऊ तेव्हा जीप चालवत. ते म्हणाले, "काका वर आन् मी खाली. धूळ समदी माझ्या तोंडात."

आता काकांचा उजवा खांदा दुखतो. वरची स्टिक धरून हात उचललेला ठेवता येत नाही, म्हणून खालची हवी असे त्यांचे म्हणणे. मी विचारले, इतक्या वर्षांची सवय कशी जाईल?

"अगं, तीस वर्षांची नोकरी एका सहीत गेली. ही सवय काय घेऊन बसलीस."

कंपनीने मुदतीआधीच घ्यायला लावलेल्या व्हीआरएसबद्दल ते कधी बोलत नाहीत. बोलले तर असे.

२७ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसात सलग तिसरा दिवस एकाच बँकेचा प्रोग्रॅम. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवायची त्याला सवय लावलेली आहे, त्यामुळे दोन हजार साल आले की तो बिनधास्त एकोणीसशे समजणार. प्रत्येक ओळ उघडून त्याला समजावायचे. टीम लीडर म्हणाला, "पूर्णिमा, तू एकच ओळ तीनदा का चेक करतेस?" तीनदा केल्याशिवाय दुसऱ्या ओळीकडे नजरच जात नाही.

जेवणाच्या सुट्टीत रॉडचे ड्रॉइंग केले.

९ नोव्हेंबर, मंगळवार, भाऊबीज

काकूंना फराळ द्यायला गेले. आनंदीकाकू दिवाळीची भांडी आवरत होत्या. काका स्टुलावर चढून पितळी भांड्यांची पेटी माळ्यावर ठेवत होते. एका हाताने ठेवली, उजव्याच. आज खांदा बरा असावा. थंडीत दुखत नसेल. विचारायचे राहिले.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पूर्णिमा, ते तुझं ऐकतात. माझं नाही ऐकत. तेवढं लक्षात ठेव." बसमध्ये सारखे तेच आठवत राहिले. माझी चूक झाली तर ते ऐकून ती चूकच करतील, असाच याचा अर्थ.

२८ नोव्हेंबर, रविवार

आज जुनी, वरची स्टिक तात्पुरती बसवून, इंजिन न लावता, जीपच्या दोराने काकांनी एक हातभर उडी घ्यायची असे ठरले होते. पाती बरोबर आहेत की नाही एवढेच पाहायला. मी सकाळच्या पहिल्या बसने गेले. बाबाही आले, साहेबांचे विमान बघायचे म्हणून.

काकांनी बोट ओले करून वर धरले आणि म्हणाले, "वारा आहे. आज नको."

मच्छिंद्रभाऊंच्या घरामागे पाचट पेटवले होते. धूर काठीसारखा सरळ वर चालला होता. वर कुठेतरी वारा असेल. काकांना माळाची माहिती माझ्याहून जास्त. त्यांच्या या सावधपणाचे मला नेहमी बरे वाटते. मागच्या महिन्यात बेअरिंग पसंत पडले नाही, त्याआधी पात्यांचा रंग वाळला नव्हता.

मच्छिंद्रभाऊंनी मात्र जीपचे दार आपटले. म्हणाले, "काका, वारा रोजच हाय. संक्रांत झाली की बिल्डर कुंपान घालतोय. मग दोर बांधून जिन्यावरनं उडा."

त्यांनी माळ विकला हे मला आजच कळले. काका दोर गुंडाळू लागले. येताना बाबा म्हणाले, "साहेब काहून घामेजले होते गं? थंडी असून?" मी म्हटले, स्वेटर जाड होता.

५ डिसेंबर, रविवार

खालची स्टिक बसली. बेअरिंगमध्ये केसाएवढीही ढिलाई नाही, बोट ठेवून ठेवून पाहिली. यंत्र गोठ्यात लाकडी घोड्यावर, म्हणजे उंच तिवईवर चढवले, पात्यांच्या जागी फळी बांधली. काका खुर्चीत बसले. मी "नाक खाली चाललंय" किंवा "नाक वर चाललंय" म्हणायचे, त्यांनी सावरायचे. खाली म्हटले की स्टिक ओढायची, वर म्हटले की ढकलायची. किती वेळा केले मोजले नाही. एकदाही चुकले नाहीत.

"बघ. झाली सवय. इतक्या वर्षांच्या संसारात काकू मला एक सवय लावू शकली नाही, तू लावलीस."

मी पुन्हा "नाक खाली" म्हणाले आणि तेवढ्यात बाहेर मच्छिंद्रभाऊंच्या मुलाने, विक्रमने, जीप चालू केली. सायलेन्सर बंदुकीसारखा फुटला. काकांचा हात झटकन पुढे गेला, अगदी शेवटापर्यंत. फळी पुढे कलली आणि तशीच राहिली.

नाक खाली जात असताना हे केले तर यंत्र जमिनीत जाते. हातभर उंचीवरून सावरायला वेळ नसतो.

काकांनी आपल्या हाताकडे पाहिले. मग स्टिक हळूच मध्ये आणून म्हणाले, "चहा झाला असेल." आम्ही चहा घेतला.

८ डिसेंबर, बुधवार

त्यांना वाटत असेल मी पाहिले नाही. पाहिले नाही असे म्हणून चालेल का?

वरची स्टिक लावली तर हात चुकणार नाही, पण खांदा टिकणार नाही. खालची लावली तर खांदा टिकेल, हात चुकेल. चुकणार नाही असेही होईल. पण ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी ते ड्रॉइंग माझे असेल.

आई म्हणाली, "जेवताना तरी भिताड बघू नको."

१२ डिसेंबर, रविवार

सुचले. इतके सोपे की आधी सुचले नाही याची लाज वाटली. खालच्या स्टिकचा रॉड, ती ज्या खुंटीवर झुलते तिच्या पुढच्या बाजूला न जोडता मागच्या बाजूला जोडायचा. मग खालची स्टिकही उलटी चालेल. ढकलली की वर, ओढली की खाली. काकांच्या हाताला हवी तशी, आणि खांद्यालाही आराम. दोन बोल्ट काढून दोन बोल्ट घालायचे.

ड्रॉइंग घेऊन धावतच गेले. काका बराच वेळ कागद बघत राहिले. मला वाटले कुठे माप चुकले.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले. "फारच बरोबर आहे. आता मला काही कारणच उरलं नाही म्हणायचं."

"कसलं कारण?"

"काही नाही." त्यांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "पूर्णिमा, हे यंत्र माझ्यासाठी केलंस. माझ्यानंतर यात कोण बसेल, त्याचा विचार केलास का? की माझ्याबरोबर जाळणार आहात?"

मी केला नव्हता. ड्रॉइंगमध्ये मी फक्त त्यांचाच हात काढला होता. इतकी वर्षे त्यांनी मला हेच शिकवले, की भाग बनवताना तो उद्या कोण बसवेल ते आधी बघायचे. तेच मी विसरले.

१९ डिसेंबर, रविवार

आज खुर्चीत एकेकाला बसवले. रॉड काढून ठेवला होता, स्टिक नुसती मोकळी. प्रत्येकाला एकच विचारले, वर जायचे तर काय कराल?

विक्रम आधीच बसलेला होता. मी गोठ्यात शिरले तेव्हा स्टिक पोटाशी ओढून तोंडाने इंजिनाचा आवाज काढत होता. मला बघून म्हणाला, "ताई, टेस्टिंग चालू आहे. डिस्टर्ब नका करू." कुलूप लावलेले असते. किल्ली खिडकीत ठेवतात हे सगळ्या धायरीला माहीत आहे.

मच्छिंद्रभाऊंनी ओढली. "बैल उधळला तर कासरा वढतोच की मानूस. ढकलंल कशाला?"

बाबांनी चप्पल बाहेर काढली आणि देवळात बसावे तसे बसले. विचार करून ओढली. "वर उचलायचं म्हणल्यावर आपल्याकडंच घेणार न. घागर काय ढकलून उचलतेत का?"

काकू बसायला तयार नव्हत्या. मग पदर खोचून बसल्या आणि दोन्ही हातांनी ओढली. "झालं का? उडाले का मी?" सगळे हसले. काकाही हसले, पण दाराशी उभे राहून.

सगळ्यांनी ओढली. मीही बसून पाहिले. उलट काय ते मला माहीत असून माझाही हात आधी मागेच गेला.

म्हणजे उलटी स्टिक लावली तर या यंत्रात एकच माणूस सुरक्षित, आणि सरळ लावली तर एकच माणूस सोडून सगळे. किल्ली खिडकीत असताना आणि विक्रम असा असताना मी उलटी लावू शकत नाही. स्टिकवर लाल रंग द्यावा, पाटी लावावी, असेही मनात आले. पण घाबरलेला माणूस पाटी वाचत नाही.

२० डिसेंबर, सोमवार

मी स्टिक निवडते आहे असे समजत होते. माणूस निवडते आहे.

२६ डिसेंबर, रविवार

सांगितले. वाटेत वाक्ये पाठ केली होती, त्यातले एकही आले नाही.

"काका, खालची स्टिक लावू. सरळच. सगळ्यांना येते तशी." मग श्वास घेतला. "आणि तुम्ही बसू नका. विक्रमला शिकवा. त्याच्या हाताला जुनं काही माहीत नाही."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे पुन्हा व्हीआरएस. मागच्या वेळी निदान पैसे तरी मिळाले."

"काका, त्या दिवशी जीप फुटली तेव्हा तुमचा हात..."

"पाहिलं होतंस ना? मला वाटलंच." ते पाना शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता. "तुला ड्रॉइंग शिकवलं ते वाया नाही गेलं. चूक दिसली की खोडायची, मग ती कोणाची का असेना."

मी रडेन असे वाटले म्हणून बोल्ट आवळत बसले. त्यांनी विक्रमला हाक मारली आणि तिथेच शिकवायला सुरुवात केली. "आधी तोंडाचा आवाज बंद कर. इंजिनाला त्याचा त्रास होतो."

दुपारी काकूंनी जेवायला थांबवले. काकांनी खिचडी दोनदा मागून घेतली, वर पापड मोडून घातला, आणि विक्रमच्या जुन्या खोड्यांच्या गोष्टी सांगत राहिले. दुःख लपवायला माणूस किती जेवू शकतो. ज्यांनी मला इंजिनिअर केले त्यांचे विमान मी काढून घेतले, आणि ते मलाच वाढत होते.

काकूंनी फाटकाशी लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली, माझा हात धरून ठेवला. म्हणाल्या, "आज झोप लागेल त्यांना. पुष्कळ दिवसांनी." थकले असतील, मी म्हटले. काकू माझ्याकडे बघत राहिल्या.

१ जानेवारी २०००, शनिवार

काही झाले नाही. सगळे रात्रभर ऑफिसात बसून होते. बँकेच्या प्रोग्रॅमने नीट दोन हजार लिहिले. टाळ्या वाजल्या, केक आला. मी तरीही एकदा उघडून पाहिले.

९ जानेवारी, रविवार

माळावर खांब रोवून झाले आहेत, तार अजून लागलेली नाही. पुढच्या रविवारी संक्रांत होऊन गेलेली असेल, म्हणून आजच.

काकांनी बोट ओले करून वर धरले. "वारा नाही," म्हणाले. लगेच.

इंजिन नव्हते. नुसता जीपचा दोर. मच्छिंद्रभाऊ जीपमध्ये, विक्रम हेल्मेट घालून खुर्चीत. पहिल्यांदाच तो काही बोलत नव्हता. बाबा पाण्याची बादली धरून उभे. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आले नाही. काकूही आल्या होत्या आणि काकांच्या बाजूलाच उभ्या होत्या. काकांच्या डाव्या हातात लाल फडके होते. ते हलवले की जीप थांबवायची.

जीप निघाली. पाती आधी आळसात फिरली, मग पाती दिसेनाशी होऊन नुसते वर्तुळ राहिले. पुढचे चाक सुटले. मग मागची दोन्ही. वीतभर असेल. चाकाखाली उजेड दिसला. मला गणिताने माहीत होते, तरी बाबांच्या हातातली बादली सांडली तेव्हा माझ्याही तोंडून आवाज निघाला असावा.

तेवढ्यात खड्ड्यात जीप दबली, दोर ढिला पडला आणि नाक एकदम खाली आले.

मी विक्रमकडे बघायला हवे होते, पण माझी नजर शेजारी गेली. काकांचा उजवा हात हवेत होता, मूठ वळलेली, आणि तो जोराने पुढे गेला. कोपर सरळ होईपर्यंत पुढे. समोर, त्याच क्षणी, विक्रमने स्टिक पोटाशी ओढली. नाक वर आले, चाके टेकली, यंत्र दोन उसळ्या घेऊन धावत राहिले. जीप थांबली. मच्छिंद्रभाऊ जीपमधून ओरडत होते, "आरं टेकलं, टेकलं."

काकांनी आपली मूठ पाहिली, मग मी बघते आहे हे पाहिले. हात त्यांनी पँटच्या खिशात घातला.

"सीट पुढे घ्यायला हवी," ते म्हणाले. "पोराचे पाय लांब आहेत." आणि लाल फडके काकूंच्या हातात देऊन विक्रमकडे चालू लागले. काकूंनी ते फडके घडी घालून छातीशी धरले.

परतीच्या बसमध्ये बाबांच्या मांडीवर बादली होती. स्वारगेट जवळ आले. मग म्हणाले, "साहेबांनी एवढं केलं. मग स्वतः काहून नाही बसले?"

मला त्यांना खोटे सांगता येत नाही. मी खिडकीबाहेर बघितले.

"खांदा दुखतो त्यांचा," मी म्हटले.